फटफटीवरचा आळ

आमच्या गल्लीत कुणी हळू बोलत नाही. शेजारच्या घरातलं भांडण इथं कान देऊन ऐकावं लागत नाही, ते आपोआप आपल्या घरात येतं. पण या अख्ख्या गल्लीला पुरून उरेल असा एकच आवाज होता, तो म्हणजे बसाप्पांच्या फटफटीचा. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई, एकटी राहते, आणि दुपारी जरा पडायची मला सवय आहे. त्या फटफटीपायी मी दोनदा पोलीस चौकीत जाऊन आले. दोन्ही वेळा हवालदारांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, बाई, म्हशीचा प्रश्न आहे, जरा समजून घ्या.

म्हशीचाच प्रश्न होता. बसाप्पा पिढीजात गवळी, आणि आमच्या कोल्हापूरचे गवळी दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर काढतात. शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, डोक्यावर मोरपिसांचा तुरा बांधतात. मग मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस मागं, अशी पळवतात. एवढ्या गर्दीत म्हैस आपल्या मालकाची गाडी आवाजावरून ओळखते. म्हणून गाडीचा सायलेन्सर काढायचा, आणि आवाज असा ठेवायचा की तो दुसऱ्या कुणाचा असता कामा नये. बसाप्पांची मोरणी नावाची म्हैस त्यांची फटफटी ऐकली की दाव्याला हिसडे द्यायची. या एका गोष्टीचा त्या माणसाला इतका अभिमान होता की मोरणीची सवय मोडू नये म्हणून ते वर्षभर दुपारचे फटफटी सुरू करून गोठ्यासमोर उभे राहायचे. दुपारीच, नेमके.

घरात बायको शांतव्वा, मुलगा अमरेश आणि सून सौंदर्या. सौंदर्या ही शांतव्वाच्या सख्ख्या भावाची मुलगी, निपाणीची. शांतव्वानं तिला पाळण्यातच मागून ठेवली होती. बारशाला गेली तेव्हा आपल्या हातातली बांगडी काढून पाळण्यात टाकली आणि भावाला म्हणाली, ही माझी. ही गोष्ट शांतव्वानं मला इतक्यांदा सांगितली आहे की त्या बांगडीवरची नक्षीसुद्धा मी काढून दाखवीन. सौंदर्याही गुणाची निघाली. सासूला आत्ती म्हणते, सासऱ्याला मामा, आणि त्या आरडाओरड्याच्या घरात ती एकटी माणसासारखी बोलते.

या जानेवारीत तिला मुलगी झाली. नाव ठेवलं विद्याश्री. दिसायला गोड, सदा हसरी, आणि आजोबावर भारी जीव. अंगणातल्या फरशीवर तिला दुपट्यावर निजवलेली असायची. बसाप्पांनी फटफटीला किक मारली की पोरगी दचकून हात उडवायची आणि मग खुदकन हसायची. बसाप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायचे, बघा, अज्जाची गाडी वळकती. मोरणीनंतर हीच.

आता मी सांगते ते गणपतीच्या आधीचं. दूध आणायला म्हणून मी त्यांच्या अंगणात उभी होते. विद्याश्री आमच्याकडं पाठ करून बसली होती, हातात खुळखुळा. सौंदर्याच्या हातून पितळेची परात निसटली आणि तिच्या मागंच फरशीवर आपटली. माझं काळीज लटकन हललं, गोठ्यात म्हशी उठून उभ्या राहिल्या. पोरगी मात्र खुळखुळ्याची कड चावत बसली होती. मान वळवली नाही, खांदा हलवला नाही. मी सौंदर्याकडं पाहिलं आणि सौंदर्यानं माझ्याकडं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे तिनं आज पहिल्यांदा पाहिलेलं नाही.

मी गप्प बसणारी बाई नाही. बसाप्पांना सांगितलं की पोरीचे कान दाखवून घ्या. ते भडकलेच. गाडी ऐकून हसणाऱ्या पोरीला बाई बहिरी म्हणतात, म्हणून त्यांनी लगेच फटफटी सुरू करून दाखवली, आणि पोरगी दचकली, हसली. मी म्हटलं, आता गाडी गल्लीच्या तोंडाशी नेऊन तिथं सुरू करा. ते तणतणत गेले. तिथून त्यांनी असा काही आवाज काढला की माझ्या हातातल्या दुधाच्या भांड्याचं झाकण थरथरलं. विद्याश्री खुळखुळाच चावत राहिली. तिला ऐकू येत नव्हतं, तिला अंगणातली फरशी हललेली कळत होती. सौंदर्या भिंतीला टेकून खाली बसली. बसाप्पा हसतच परत आले आणि विचारू लागले, हसली का न्हाई? 

त्या संध्याकाळी शांतव्वानं तोंड उघडलं. गेल्या पाडव्याला सौंदर्या सात महिन्यांची गरोदर होती. दारात उभी राहून तिनं मोरणीला ओवाळलं, फटफटीला ओवाळलं, आणि बसाप्पांनी खुशीत येऊन तिच्या पोटाशी गाडी उभी असताना तीनदा जोरात रेस केली होती. अख्ख्या गल्लीनं ते पाहिलं होतं, मीही. शांतव्वा गोठ्याच्या दारात उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या गाडीनं खाल्ला माझ्या नातीचा कान."

एवढंच. त्यानंतर तिनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. जेवणाचं ताट ती सुनेच्या हातून पाठवायची. ज्या घरात कुजबूजसुद्धा गल्लीत ऐकू जायची, तिथं आता नुसती भांडी वाजत होती. मला इतकी वर्षं शांतता हवी होती, पण ही शांतता माझ्याच्यानं ऐकवेना.

बसाप्पा आतून पोखरले गेले. धार काढताना हात थांबायचा. फटफटीवर पोतं टाकलं होतं, पण येताजाता त्या पोत्याकडं बघायचे. मग त्यांनी आपल्या डोक्यानं एक हिशोब मांडला आणि तो मला समजावून सांगायला ते खास माझ्या घरी आले. गाडीनं कान जातात असं असेल, तर आधी कुणाचे जायला हवेत? गाडीवर बसणाऱ्याचे. पोरीनं आवाज एकदा ऐकला, तोही आईच्या पोटातून. बसाप्पांनी आयुष्यभर ऐकला. तेव्हा त्यांचे कान शाबूत असतील, तर गाडी निर्दोष. मला त्यात खोट काढता आली असती. पण ते माझ्या उंबऱ्यावर ज्या तऱ्हेनं बसले होते ते पाहून मी ती काढली नाही.

पहिली तपासणी त्यांनी घरीच करवून घेतली. अमरेशच्या मोबाईलवर एक व्हिडिओ होता. हेडफोन लावायचे, आणि भुंग्यासारख्या जाड आवाजापासून सुरू करून तो आवाज बारीक बारीक होत जातो, शेवटी माणसाच्या कानापलीकडं जातो. जिथं ऐकू यायचं थांबेल तिथं हात वर करायचा. बसाप्पा ओट्यावर मांडी घालून बसले, हेडफोन फेट्याखाली बसेना म्हणून फेटा काढून ठेवला, डोळे मिटले आणि मान डोलवू लागले. येतंय, म्हणाले. अजून येतंय. व्हिडिओ संपला, मोबाईलचा पडदा काळा झाला, तरी बसाप्पा मान डोलवतच होते. अमरेशनं माझ्याकडं पाहिलं. एरवी मी हसून हसून बेजार झाले असते. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

राजारामपुरीत कानाची तपासणी करणारी अनुजा नावाची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. नवरात्राच्या आधी आम्ही रिक्षानं तिच्याकडं गेलो. शांतव्वा आली नाही. विद्याश्रीची तपासणी झोपेत करायची होती, म्हणून तिला पहाटेपासून जागी ठेवली होती. आणि आता वेळ आली तेव्हा पोरगी झोपेना. कपाळावर आणि कानामागं चिकटवायच्या तारा तयार होत्या, कानात घालायचे इवलेसे रबरी बोळे तयार होते, सौंदर्या थोपटून थकली, अमरेश खांद्यावर घेऊन फिरला. पोरगी रडून लाल झाली.

शेवटी बसाप्पांनी तिला घेतलं. छातीवर आडवी टाकली, तोंड मिटलं आणि आतल्या आत घुमायला लागले, अगदी त्यांची फटफटी उभ्या उभ्या धडधडते तसं. पोरीनं गाल त्यांच्या छातीला लावला. बघता बघता तिचे हात सैल पडले. अनुजा ते निरखून पाहत होती. तिला आवाज नाही, थरथर लागते, असं ती हळूच मला म्हणाली. मला ते त्या दिवशी अंगणातच कळलं होतं.

तपासणी बराच वेळ चालली. पडद्यावर रेषा सरकत होत्या आणि अनुजा आवाज वाढवत होती. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. आम्ही सगळे फक्त अनुजाच्या तोंडाकडं बघत होतो. मग तिनं खुर्ची वळवली आणि सरळ सांगितलं. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. यंत्र लगेच लावायला हवं, त्यानं भागलं नाही तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा, पण आताच सुरुवात केली तर मुलगी बोलू शकेल. सौंदर्या रडली नाही. पुढं काय करायचं तेवढं विचारून घेतलं आणि झोपलेल्या पोरीजवळ जाऊन बसली. अमरेश तिच्या मागं गेला.

बसाप्पा उभेच होते. म्हणाले, "आता माझे कान तपासा."

अनुजाला वाटलं की म्हातारपणामुळं विचारतात. मी तिला थोडक्यात सगळं सांगितलं. तिनं त्यांना एका छोट्या बंद खोलीत बसवलं. दार लावलं की बाहेरचा आवाज बंद, मध्ये काचेची खिडकी. मोठे हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज कितीही बारीक आला तरी दाबायचं. मी बाहेर अनुजाच्या शेजारी बसले होते.

बसाप्पांनी जे बटण दाबलं, ते दाबतच सुटले. जाड आवाज, बारीक आवाज, अगदी टाचणी पडल्यासारखा आवाज, एकही चुकला नाही. दोन्ही कान विशीतल्या पोराचे. अनुजाच्या कपाळाला आठी पडली. माझ्या मात्र लक्षात आलं. बसाप्पा अख्ख्या गल्लीसाठी म्हशी पारखून घेणारा माणूस आहे. वडगावच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, तोंडातून अक्षर निघत नाही, आणि समोरच्याच्या खांद्याच्या हालचालीवरून हा माणूस त्याच्या मनातला आकडा ओळखतो. ते काचेतून अनुजाच्या खांद्याकडं बघत होते. खांदा हलला की बटण दाबत होते. मी हे अनुजाला सांगावं की नाही, असा क्षणभर मला प्रश्न पडला. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटत होतं की ती फटफटी निर्दोष सुटावी. पण अनुजाला माझ्या सांगण्याची गरज पडली नाही. ती उठली, आत गेली आणि त्यांची खुर्ची भिंतीकडं तोंड करून फिरवली.

आता आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. जाड आवाजांना बोट दाबलं जात होतं. मग आवाज बारीक होत गेले आणि बोट थांबलं. अनुजा आवाज वाढवत राहिली. बसाप्पा मान पुढं काढून, बटणावर अंगठा ठेवून, जीव कानात आणून बसले होते, आणि त्यांना काही येत नव्हतं. एकदा त्यांनी अंदाजानं दाबलं. चुकीच्या वेळी दाबलं गेलं हे त्यांनाही कळलं असावं, कारण मग त्यांनी बटण मांडीवर ठेवून दिलं.

बाहेर आले तेव्हा त्यांनी काही विचारलंच नाही. म्हणाले, "म्हंजी गाडीनंच."

अनुजानं त्यांना समोर बसवलं. तुमचे कान गाडीनंच गेले, म्हणाली, वर्षानुवर्षं रोज तो आवाज ऐकून. पण पोटातल्या बाळाचे कान बाहेरच्या गाडीच्या आवाजानं असे जात नाहीत. ह्या मुलीचं जन्मापासूनचं वेगळं आहे. गाडीचा त्यात संबंध नाही. बसाप्पांनी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. तिनं पुन्हा म्हटलं. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, बाई, तुमी आयकलं न्हवं? मी म्हटलं, ऐकलं. किती तरी दिवसांनी तो माणूस खुर्चीला पाठ टेकून बसला. शांतव्वाला सांगायला कधी एकदा घरी जातो असं त्यांना झालं होतं.

मग अनुजानं नेहमीचे प्रश्न विचारायला घेतले. घरात आणखी कुणाला लहानपणापासून ऐकू येत नाही का? कुणाला न्हाय, बसाप्पा म्हणाले. मुलीच्या आईवडिलांचं लग्न नात्यातलं आहे का?

व्हय की, म्हणाले. मामाचीच पोरगी. आमच्यात तसंच असतं.

आणि बोलता बोलता ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरून जे गेलं ते मी पाहिलं. शांतव्वाचा एक धाकटा भाऊ आहे, मृत्युंजय. निपाणीच्या घरी असतो, म्हशींचं बघतो, सगळे त्याला मुका म्हणतात. लहानपणी विहिरीत पडला तेव्हा वाचा गेली, असं शांतव्वाच्या माहेरी सांगतात. बसाप्पांनी हे अनुजाला सांगितलं, फार हळू. मी त्यांना आयुष्यात इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. वाचा गेली, पण ऐकू येतं का, असं अनुजानं विचारलं. बसाप्पा म्हणाले, "त्याच्या मागनं म्हस आली तर त्याला पायानं कळती."

अनुजानं जपून सांगितलं. एकाच घराण्यातला दोष दोन्हीकडून आला की मुलाला असं होऊ शकतं. रक्त तपासल्यावर नक्की कळेल. यात कुणाचा गुन्हा नाही. पुढच्या मुलाच्या दृष्टीनं अमरेश आणि सौंदर्याला हे सांगावं लागेल, ते मी सांगते, म्हणाली. बसाप्पांनी मान हलवली. पण ते ऐकत नव्हते. मला वाटतं, त्यांना पाळण्यात टाकलेली ती बांगडी दिसत होती. मला तरी दिसत होती.

अनुजा आत जाऊन त्या दोघांशी बोलली. ती दोघं बाहेर आली तेव्हा सौंदर्याचे डोळे सुजले होते आणि अमरेश जमिनीकडं बघत होता. आम्ही रिक्षात बसलो. विद्याश्री जागी झाली होती आणि आजोबांच्या सदऱ्याचं बटण ओढत होती. मला धाकधूक होत होती ती घरी पोचल्यावर काय होणार याची. शांतव्वा कशी आहे ते मला ठाऊक आहे. हे तिच्या कानावर गेलं तर ती अन्न सोडील. भावाचं तोंड पुन्हा बघणार नाही, आणि सुनेच्या नजरेला नजर देणार नाही.

ती दारातच उभी होती. तिनं आधी नातीला घेतलं, मग सौंदर्याकडं पाहिलं, आणि सौंदर्याच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा बसाप्पा पुढं झाले. गल्लीतली दोन-चार माणसंही दारात आली होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आपल्या नेहमीच्या आवाजात ते म्हणाले, "तू म्हणत हुतीस ते खरं निघालं, शांता. गाडीनंच केलं."

सौंदर्यानं मान वर केली. अमरेशचं तोंड उघडलं आणि बापानं त्याच्याकडं असं पाहिलं की ते मिटलं. शांतव्वा रडली, खूप रडली, नवऱ्याच्या छातीवर तिनं मुठी मारल्या. ते उभे राहिले. आणि रात्री तिनं त्यांचं ताट स्वतःच्या हातानं वाढलं, असं सौंदर्यानं मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेले तेव्हा मी त्यांना गोठ्यात गाठलं. मला राग आला होता, आणि राग आला की मी आडपडदा ठेवत नाही. मी म्हटलं, ज्या गोष्टीसाठी जिवाचं रान केलंत, कानाला खोटं बोलायला लावलंत, ती हातात आली आणि तुम्ही टाकून दिलीत. आयुष्यभर शांतव्वा तुम्हाला आणि त्या गाडीला दोष देईल.

बसाप्पा मोरणीच्या पाठीवरून हात फिरवत होते. म्हणाले, "दिऊ दे की. गाडीवर आळ घातला तर गाडी रडत बसत न्हाय, बाई."

मी माझं भांडं उचललं आणि घरी आले.

पाडव्याला मोरणी सजली, पण रस्त्यावर गेली नाही. बसाप्पांनी फटफटी सुरू केली नाही. तिच्यावर पोतं तसंच होतं. अंगणात शांतव्वानं मोरणीला ओवाळलं, बाकीच्या म्हशींना ओवाळलं. फटफटीपाशी आली आणि तोंड फिरवून पुढं गेली. विद्याश्री आजोबांच्या कडेवर होती, दोन्ही कानांमागं नवी यंत्रं लावलेली, आणि बाहेरच्या रस्त्यावरून दुसऱ्या कुणाची तरी गाडी आणि म्हैस धावत गेली, तेव्हा पोरगी रडायच्या बेतात येऊन दरवाज्याकडं बघायला लागली. फरशी हलली की आवाज आला, हे आमच्यापैकी कुणालाच ठामपणे सांगता आलं नाही. बसाप्पांनी तिला छातीशी धरलं.

शांतव्वा ताट खाली ठेवणार, एवढ्यात सौंदर्यानं ते तिच्या हातून घेतलं. ती फटफटीपाशी गेली. पोतं बाजूला केलं, हँडलला हळद लावली, कुंकू लावलं, आणि तिला ओवाळलं.

"तिला कशाला गं?" शांतव्वा म्हणाली.

"असू द्या, आत्ती," सौंदर्या म्हणाली, आणि पोतं पुन्हा नीट घालून ती आत गेली.